दर किती आणि पदरात किती?

चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर कॅमेरा चालवणाऱ्या माणसाला किती पैसे मिळतात, हा प्रश्न आता मुंबईच्या स्टुडिओंपुरता राहिलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यात, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुसरबीडसारख्या गावातही तो विचारला जातो, आणि विचारणारे केवळ हौशी नसतात. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवर घरातल्या सगळ्यांचे भागत नाही. पोलीसभरतीसाठी धावता धावता वय निघून जाते. आणि ज्या जिजामाता सहकारी साखर कारखान्याच्या भरवशावर इथल्या मागच्या पिढीने कायम नोकरीची आशा धरली होती, तो बंद पडल्याला बरीच वर्षे लोटली. अशा स्थितीत कॅमेरा हे हाताला काम देणारे साधन वाटू लागले, तर त्यात नवल नाही. लग्नाचे शूटिंग, मग एखाद्या वृत्तवाहिनीसाठी बातम्यांची दृश्ये, मग जमल्यास पुणे किंवा मुंबई, अशी ही शिडी त्या तरुणाच्या मनात उभी असते.

त्याला मिळणारे उत्तर मात्र नेहमी दराचे असते. अमुक मालिकेत दिवसाला इतके, अमुक लग्नाच्या ऑर्डरीला तितके. त्याच्या जोडीला एक-दोन नामांकित छायाचित्रकारांच्या मानधनाचे आकडे सांगितले जातात, आणि या सगळ्यांची मनातल्या मनात सरासरी काढून घरची मंडळी कर्जाच्या कागदावर सही करतात. ज्या धंद्यात शेंड्यावरच्या चार जणांना लाखांनी मिळते आणि बुंध्याशी हजारो माणसे उभी असतात, त्या धंद्यातली सरासरी ही कोणाचीच कमाई नसते, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते. पण कर्ज देणाऱ्याला तो धडा सांगण्याची निकड वाटत नाही. आमचे म्हणणे त्याहून पुढचे आहे. कॅमेरा चालवणाऱ्याचा दर ही त्याची मजुरी नव्हेच. दरात कॅमेऱ्याचे भाडे आहे, कर्जाचे व्याज आहे, रिकाम्या दिवसांची भाकरी आहे आणि उधारीचा धोका आहे. हे सारे वजा केल्यावर जे उरते ती मजुरी, आणि ती कोणीही मोजत नाही.

एक नमुना मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पाहणीचे नव्हेत. ज्याने त्याने आपले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा. समजा, एका तरुणाने कॅमेरा, दोन लेन्स, दिवे, माईक, लहान ड्रोन आणि संकलनासाठी संगणक असा ३ लाख रुपयांचा सरंजाम कर्जाने घेतला. तो चार वर्षे टिकला असे धरले, तर वर्षाचा घसारा ७५ हजार रुपये झाला. चार वर्षांत फिटणाऱ्या कर्जाचे व्याज वर्षाला सरासरी १८ हजार धरू. लग्नाच्या तिथी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात चातुर्मास लागला की संपतात. त्यातही अस्त, अधिक मास आणि तालुक्यातली स्पर्धा वजा करता त्याला वर्षाकाठी ६० दिवस काम मिळाले असे समजू. कॅमेऱ्यासह दिवसाचा दर ४ हजार रुपये. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. ऐकणाऱ्याला हा आकडा बरा वाटतो. त्यातून घसारा आणि व्याज काढा. दिवे धरणाऱ्या मदतनिसाचे रोजचे ५०० रुपये, म्हणजे ३० हजार काढा. पेट्रोल आणि किरकोळ दुरुस्तीचे १२ हजार काढा. उरले १ लाख ५ हजार, म्हणजे महिन्याला ८ हजार ७५० रुपये. पण लग्न एक दिवसाचे असले, तरी संगणकापुढे बसून ते कापण्या-जोडण्याचे काम आणखी दोन दिवसांचे असते. तेव्हा कामाचे दिवस साठ नव्हेत, एकशे ऐंशी. दिवसाला पडले ५८३ रुपये. आणि हा दिवस आठ तासांचा नसतो. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंतचा असतो. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मातीकामाची मजुरी ३१२ रुपये होती. त्या मजुराला फावडे विकत घेण्यासाठी तीन लाखांचे कर्ज काढावे लागत नाही.

या हिशेबातला चार वर्षांचा काळही उदारपणे धरलेला आहे. १९९० च्या दशकात गावोगावी लग्ने टिपणारा पॅनासॉनिकचा खांद्यावरचा मोठा व्हीएचएस कॅमेरा पुढे सोनीच्या पीडी-१७० ने भंगारात काढला. २००८ नंतर स्थिरचित्रांचेच कॅमेरे चलच्चित्रे टिपू लागले आणि पीडी-१७० चा काळ सरला. त्यानंतर आरशाशिवायचे कॅमेरे आले, ड्रोन आला, चौपट सूक्ष्मतेचे चित्रण आले. यंत्र झिजण्यापूर्वीच जुने ठरते आणि नव्या यंत्राशिवाय ऑर्डर मिळत नाही. कारखान्यात असे घडले असते, तर नव्या यंत्राचा खर्च मालकाने भांडवल म्हणून उचलला असता. इथे तो मजुराने उचलायचा. त्यात २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा, तर २०२१ च्या नियमांनुसार चालकाचे प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रशिक्षणाचा खर्चही त्याच्याच माथी. ज्याला आपण स्वतंत्र व्यावसायिक म्हणून गौरवतो, तो वस्तुतः यंत्राचे हप्ते फेडणारा रोजंदार आहे. हातमागाच्या काळातल्या कर्जबाजारी विणकराची स्थिती ज्यांनी अभ्यासली असेल, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

शिवाय पैसे हाती कधी पडतात, हा निराळाच विषय. वधूपिता म्हणतो, सोयाबीन विकले की देतो. तो लबाड असतो असे नव्हे. सोयाबीनचा भाव त्याच्या हाती नसतो. कर्जात बुडालेला शेतकरी आणि कर्जात बुडालेला शूटिंगवाला एकमेकांची उधारी वाहतात.

शिडीची दुसरी पायरी वृत्तवाहिन्यांची. या भागात बातम्यांचा दुष्काळ नाही. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजा येथे दूरदूरचे लोक लोटतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची दृश्ये जगभर गेली. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले आणि त्या दिवशी देशातल्या वाहिन्यांवर दुसरे काही फारसे दिसले नाही. तालुक्याच्या ठिकाणी वाहिनीचा पगारी माणूस नसतो. असतो तो स्ट्रिंगर. त्याला नेमणूकपत्र नाही, पगार नाही. बातमीमागे रक्कम ठरलेली असते, आणि तीही बातमी प्रसारित झाली तरच. दहा ठिकाणी धावून दोन बातम्या लागल्या, तर आठ फेऱ्यांचे पेट्रोल त्याचे. कित्येकांच्या बाबतीत वाहिनीचे नाव लिहिलेला माईकचा दांडा हाच मोबदला समजला जातो. त्या दांड्याच्या जोरावर जाहिराती मिळव आणि त्यात भागव, असा न बोललेला करार असतो. मग ग्रामपंचायतीचा सरपंच, बाजार समितीचा सभापती, शाळेचा संस्थाचालक यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणारा तोच, आणि त्यांच्याच कारभाराची बातमी करायची वेळ आली तर कॅमेरा खाली ठेवणाराही तोच. ग्रामीण पत्रकारितेच्या अधःपतनावर शहरात परिसंवाद भरतात. त्यांत या वेतनशून्यतेचा उल्लेख क्वचितच होतो. ज्याला वाहिनी पगार देत नाही, त्याला दुसरे कोणीतरी देते.

आता मुंबई. तिथे गेलेल्याला पहिला धडा मिळतो तो पायऱ्यांचा. छायाचित्रण दिग्दर्शक, त्याखाली प्रत्यक्ष कॅमेरा चालवणारा, त्याखाली फोकस सांभाळणारा साहाय्यक, आणि सर्वांत खाली भाड्याच्या यंत्रसामग्रीबरोबर तिच्या पेट्या सांभाळत येणारा कॅमेरा अटेंडंट. हा शेवटचा मनुष्य निर्मात्याचा नोकर नसतो; यंत्रे भाड्याने देणाऱ्या दुकानाचा असतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यंत्राच्या दुकानाचे नाव येते, त्याचे येईलच असे नाही. पाळी बारा तासांची, तीही अनेकदा लांबणारी. मालिकांच्या धंद्यात काम केल्यावर ९० दिवसांनी पैसे देण्याची प्रथा इतकी रुळली आहे की, तिला कोणी अन्यायही म्हणत नाही. तीन महिन्यांची मजुरी मालकाकडे बिनव्याजी ठेव म्हणून पडून राहते आणि कामगार खोलीच्या भाड्यासाठी व्याजाने पैसे काढतो. हा उलटा पतपुरवठा आहे. गरीब श्रीमंताला कर्ज देतो.

फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज ही संघटना १९५६ पासून काम करीत आहे, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने मुंबईचे चित्रीकरण थांबवून दाखवले. ऑगस्ट २०१७ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी पुन्हा संप झाला. पण संघटनेचे कार्ड मिळवण्यासाठी भरावी लागणारी रक्कमच खेड्यातून आलेल्या मुलाला भिंतीसारखी आडवी येते, हे तिच्या हितचिंतकांनीच सांगितले पाहिजे. १९ मार्च २०२० पासून महासाथीमुळे चित्रीकरण बंद झाले, तेव्हा या उद्योगातल्या हजारो रोजंदारांना एका नटाने, दुसऱ्या निर्मात्याने दिलेल्या शिध्यावर जगावे लागले. देणाऱ्यांचे उपकार मानू. परंतु शंभर वर्षांहून जुन्या उद्योगाजवळ आपल्या कामगारांसाठी एका महिन्याची तरतूद नसावी, आणि त्याची लाज कोणाला वाटू नये!

हे नेहमीच असे होते काय? मराठी माणसाने तरी तसे समजू नये. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी केशवराव धायबर हे छायाचित्रणाचे काम पाहणारे होते. कॅमेऱ्यामागचा माणूस मालकांच्या पंक्तीला बसला होता. त्याआधी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. दादासाहेब फाळके तर नाटक-सिनेमाविषयीच्या लोकनिंदेतून सुटका व्हावी म्हणून आपल्या माणसांना सांगत की, आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असे सांगा. कारखाना हा शब्द त्यांनी आडोशाला वापरला. पण त्या काळच्या चित्रपटसंस्था खरोखरच कारखान्यासारख्या चालत, महिन्याला पगार होत असे, उपकरणे संस्थेची असत. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटा पैसा या धंद्यात आला, संस्था मोडल्या, एकेका चित्रपटापुरता माणूस घेण्याची रीत पडली. कारखाना गेला आणि नाका आला. नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या गवंड्यात आणि फोनकडे डोळे लावून बसलेल्या कॅमेरामनमध्ये फरक इतकाच की, दुसऱ्याच्या हातातले अवजार महाग आहे.

सरकारने काय केले? १९९८ साली चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला. त्याचा लाभ निर्मात्याला बँकेच्या कर्जाच्या रूपाने मिळाला. मजुराच्या बाजूने उद्योग कुठे दिसेना. त्याआधी १९८१ मध्ये संसदेने सिने कामगारांसाठी कायदा केला, तो वाईट नव्हता. लेखी कराराशिवाय कोणाला कामावर घेऊ नये, किमान तीन चित्रपटांत काम केलेल्याला, मग ते वेगवेगळ्या निर्मात्यांकडचे का असेनात, भविष्य निर्वाह निधी लागू व्हावा, अशा तरतुदी त्यात होत्या. पण मूळ कायद्यातला सिने कामगार म्हणजे दरमहा १,६०० रुपये किंवा एकरकमी १५ हजार रुपये या मर्यादेतला; आणि चित्रपट म्हणजे पूर्ण लांबीचा, कथा आणि संवाद असलेला. जाहिरातपट बाहेर, बातमी बाहेर, लग्नाचा तर प्रश्नच नाही. चित्रपटांवर बसवलेल्या उपकरातून कामगार कल्याण निधी चालायचा. तो उपकरही जीएसटी येण्याच्या सुमारास रद्द झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत हा कायदा विलीन झाला आहे. संहितेने 'दृक्श्राव्य कामगार' अशी व्यापक व्याख्या केली, जाहिरातपट आणि डिजिटल निर्मिती तिच्यात घेतली, नेमणूकपत्राचा आग्रह धरला; पत्रकाराच्या व्याख्येत वाहिन्यांनाही आणले. हे पाऊल पुढचे आहे, तसे न म्हणणे अप्रामाणिकपणा होईल. परंतु वेतनाची मर्यादा सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे, आणि त्या कागदाची अंमलबजावणी करणारा निरीक्षक आता 'सुलभकर्ता' झाला आहे. नेमणूकपत्र देण्यासाठी आधी कोणीतरी आपण मालक आहोत हे कबूल करावे लागते. स्ट्रिंगरच्या, अटेंडंटच्या बाबतीत तीच तर अडचण आहे.

तेव्हा उपाय शोधायचा तो मालक एक नसलेल्या मजुराचा. महाराष्ट्राला तो परका नाही. मुंबईच्या बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला आणि त्याने या प्रश्नाला साधे उत्तर दिले. मालक कोणीही असो. मजुरी मंडळात जमा करा, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरा. मंडळ कामगाराला मजुरी देईल आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी पाहील. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी. डॉ. बाबा आढाव यांनी डिसेंबर २०२५ मधील आपल्या निधनापर्यंत हमाल आणि कष्टकऱ्यांसाठी ज्या मार्गाने काम केले, तो हाच. पुढे या कायद्यात दोष शिरले, माथाडींच्या नावाने खंडणी मागणारे निघाले, हे खरे; पण त्यामुळे ज्या लाखो घरांना म्हातारपणी आधार मिळाला तो खोटा ठरत नाही.

दृक्श्राव्य कामगारांसाठी असे मंडळ राज्याने स्थापन करावे, ही आमची मागणी आहे. जगात असे कुठे होते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन दाखले पुरेत. अमेरिकेत चित्रपटांच्या छायाचित्रकारांच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार निर्माते कामाच्या प्रत्येक तासामागे सामायिक निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीत पैसे भरतात; निर्माता बदलला तरी निधी तोच राहतो. तिथल्या तंत्रज्ञांनी २०२१ मध्ये संपाची तयारी केली, तेव्हा दोन पाळ्यांमध्ये दहा तासांच्या विश्रांतीची अट त्यांना मिळाली. फ्रान्समध्ये चित्रपट-नाटकाच्या सुट्या कामगारांसाठी बेकारी भत्त्याची व्यवस्था अनेक दशके चालत आली आहे. बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याचे दाखवले की रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. समाजवादी क्रांती दोन्ही देशांत झालेली नाही.

राज्य सरकारच्या हाती हे करून घेण्याची साधने आहेत, हा मुद्दा कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावा. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी सरकारी आहे, कोल्हापूरचीही आहे. तिथे चित्रीकरणाची परवानगी देताना लेव्ही भरल्याची पावती मागता येते. मराठी चित्रपटांना सरकार अनुदान देते; 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख असे ते अनेक वर्षे ठरलेले होते. या पैशाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कॅमेरा अटेंडंटपासून सर्वांची मजुरी चुकती झाल्याचा दाखला मागायला कोणता नवा कायदा हवा? वाहिन्यांना सरकारी जाहिराती जातात. ज्या वाहिनीच्या स्ट्रिंगरांची नोंद मंडळाकडे नाही, तिला त्या देऊ नयेत. आणि प्रत्येक करारात मजुरी आणि कॅमेऱ्याचे भाडे या दोन रकमा वेगळ्या लिहिण्याची सक्ती करावी. भाडे दिसू लागले, म्हणजे मजुरी किती तुटपुंजी आहे हेही दिसेल.

दुसरबीडच्या लग्नातल्या कॅमेरामनला मात्र हे मंडळ पुरणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तिथे मालक म्हणजे स्वतःच अडलेला शेतकरी. त्याच्यावर लेव्ही बसवण्यात न्याय नाही. तिथे प्रश्न भांडवलाचा आहे आणि त्याला सामायिक मालकी हे उत्तर आहे. सहकार म्हटले की या पंचक्रोशीतले लोक बंद कारखान्याकडे बोट दाखवतात, आणि त्यांचा राग अनाठायी नाही. परंतु हजारो सभासदांचा, संचालकांच्या राजकारणाचा कारखाना निराळा आणि दहा शूटिंगवाल्यांची संस्था निराळी. दहा जणांना एकमेकांचा हिशेब संध्याकाळी तोंडी विचारता येतो. एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. लग्नाची तिथी सर्वांची एकच, त्यामुळे कॅमेरा दहांत एक चालायचा नाही. ड्रोन चालेल, कारण त्याचे काम एका लग्नात तासाभराचे असते. संकलनाचा चांगला संगणक चालेल, कारण ते काम तिथीला बांधलेले नाही. महागड्या लेन्स, मोठे दिवे, पडदा हे चालेल. वरच्या नमुन्यात सरंजामाची किंमत यामुळे ३ लाखांवरून निम्मी झाली, तर वर्षाला घसाऱ्याचे साडेसदतीस हजार आणि व्याजाचे नऊ हजार वाचतात. महिन्याच्या ८ हजार ७५० चे १२ हजार ६०० च्या घरात होतात. दर एक रुपयाने न वाढता.

मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार या भागांतल्या कार्यकर्त्यांनी पुढची लग्नसराई लागण्यापूर्वी आपापल्या गावातल्या शूटिंगवाल्यांची आणि स्ट्रिंगरांची एकेक बैठक घ्यावी. भाषण करू नये, वही न्यावी. कामाचा दिवस, तास, ठरलेली रक्कम आणि ती हाती पडल्याची तारीख, इतके रकाने पाडावेत. कॅमेऱ्याच्या भाड्याचाही एक रकाना ठेवावा. तो बहुतेकांचा कोरा येईल. त्या रकान्यापासून बोलणे सुरू करावे.